सकाळी सेल्फ लागत नाही: दोष बॅटरीचा, अल्टरनेटरचा की तिसऱ्याच कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं जुनी पेट्रोल गाडी. दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक-टक-टक. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला की पहिल्या झटक्यात सुरू, आणि मग दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू केली तरी तक्रार नाही. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, उतरवावा लागेल. घरच्या घरी काही कळेल का?

कळेल. किंबहुना निम्मं निदान तुमच्या प्रश्नातच आहे. मी गेली बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. या दुखण्यात नेहमी होतं ते असं, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बॅटरी बसली म्हणून बॅटरी बदलतात. पण ती का बसली हे कुणी विचारत नाही. मग नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

आधी आवाजाचं बघू. टक-टक-टक असा भराभर आवाज येतो तो सेल्फवरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरकडे करंट सोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचा. चावी फिरवली की सोलेनॉइड ओढला जातो. मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे सोलेनॉइड सुटतो. तो सुटला की व्होल्टेज परत चढतं आणि तो पुन्हा ओढला जातो. म्हणजे सेल्फपर्यंत हुकूम पोचतोय, पण दम पोचत नाहीये. एकच जोरदार ‘टक्’ होऊन हेडलाइट तसेच लख्ख राहिले असते, तर मी सेल्फकडेच बोट दाखवलं असतं. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख असतील तर रिले, क्लचचा स्विच किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) बघावा लागतो. आणि सेल्फ मारताच डॅशबोर्डसकट सगळं काळंठिक्कर पडलं, तर आधी क्लॅम्प, म्हणजे बॅटरीच्या खुंटाला केबल पकडणारी पट्टी, हलवून बघा. तो नुसता टेकवल्यासारखा बसलेला असतो, असं मी असंख्य वेळा पाहिलंय.

दुसरी गोष्ट ‘दिवसभर तक्रार नाही’ ही. अल्टरनेटर मेलेला असता तर जंप दिल्यावर गाडी काही वेळ बॅटरीवर चालली असती, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला असता आणि थोड्या वेळाने रस्त्यातच सगळं मंदावून इंजिन बंद पडलं असतं. तसं होत नाही, म्हणजे चार्जिंग होतंय. किती होतंय ते मोजू, पण अल्टरनेटर उतरवायची घाई आज तरी नको.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गॅरेजमध्ये असतं तसं मोठं यंत्र लागत नाही. त्याआधी सावधगिरीच्या चार गोष्टी ऐका. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातात अंगठी-कडं नाही, तोंडात विडी-सिगारेट नाही. क्लॅम्प काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी भडका उडत नाही. बॅटरी फुगलेली असेल, तडकलेली असेल किंवा तिला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर मोजमाप वगैरे सोडा, ती बदला. आणि लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) मीटरच्या ‘अँपिअर’च्या भोकात राहिलेला असताना बॅटरीवर टेकवू नका, तो सरळ शॉर्ट असतो. उमेदवारीच्या काळात मी हे केलंय. प्रोबचं टोक वितळून खुंटाला चिकटलं होतं, आणि उस्तादांनी तो प्रोब पुढे वर्षभर भिंतीवर टांगून ठेवला होता.

आता पहिलं माप, गाडी निवांत असताना. मीटर डीसी व्होल्टवर, प्रोब थेट शिशाच्या खुंटांवर, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यातच दोष लपलेला असू शकतो. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज साचलेला असतो आणि मेलेली बॅटरीही ताठ मानेने १२.८ दाखवते. रात्रभर थांबणं शक्य नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दहा मिनिटांनी मोजा. बॅटरीत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे रिकामी. लोक १२.० बघून ‘बारा व्होल्टची बॅटरी, बाराच दाखवते की’ म्हणून खूश होतात. चार्जरवर रात्रभर ठेवूनही ती १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल गेला. त्यावर इलाज नाही.

हे व्होल्टेज फक्त ‘पोट किती भरलंय’ ते सांगतं, अंगात ताकद किती ते नाही. त्यासाठी दुसरं माप सेल्फ मारताना. एकाने प्रोब धरायचे, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. एकटे असाल तर मीटरमध्ये ‘मिन’चं बटण आहे का बघा, किंवा मोबाइलवर मीटरच्या पडद्याचं चित्रण करा. सेल्फ चालू असताना व्होल्टेज दहाच्या वर राहिलं तर छान. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित. पण अट एकच, आधी ती पूर्ण भरलेली असली पाहिजे. अर्धपोटी पैलवानाला कुस्तीत उतरवून ‘हा काही खरा नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. आधी चार्जर लावा. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण एक दशांश करंटने, म्हणजे ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेचार अँपिअरच्या आसपास, रात्रभर. मग मोजा. निवांत १२.६ आणि सेल्फ मारताच ८, असं दिसलं तर बॅटरीचा अंतर्गत अवरोध वाढलाय, प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलाय. ही बॅटरी गेली, मग ती आठ महिन्यांची का असेना.

तुमच्या बॅटरीला पाणी घालायची झाकणं असतील तर हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, मोजणारी नळी) घ्या. मीटरपेक्षा तो जास्त खरं बोलतो. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८०. सहाही सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे. पाच ठीक आणि एकच ०.०५० ने खाली असेल तर तो सेल जातोय. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज करून झाल्यावर. ॲसिड वरून ओतायचं नाही. ग्रॅव्हिटी वाढलेली दिसते आणि प्लेटा लवकर मरतात.

तिसरं माप इंजिन चालू असताना. आयडलवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावा आणि इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरा. १३.५ च्या आसपास टिकलं तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. सगळं लावल्यावर १२.५ कडे घसरत गेलं तर करंट कमी पडतोय. आधी बेल्ट बघा. सैल किंवा चकाकी आलेला बेल्ट ओझं पडलं की घसरतो आणि ओरडतो. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेजला आवर घालणारा भाग) गेला. तसा अल्टरनेटर बॅटरीला उकळून मारतो आणि बल्बही उडवत राहतो.

नव्या गाड्यांत एक गोम आहे. चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असतं आणि बॅटरी भरलेली असली की तो इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथे चालू इंजिनावर १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर बाद ठरवू नका. हेडलाइट लावले की बहुतेक गाड्यांत आकडा उडी मारून चौदाकडे जातो. निगेटिव्ह खुंटावर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली, तर तुमची गाडी त्या जातीची आहे असं समजा. अशा गाडीला चार्जर लावताना निगेटिव्हचा चिमटा खुंटाला न लावता बॉडीच्या धातूला लावायचा, नाहीतर त्या डबीला आत गेलेल्या चार्जचा हिशेबच लागत नाही.

अल्टरनेटरचं आणखी एक माप घ्या, फार कमी लोक घेतात. इंजिन चालू, दिवे चालू, मीटर एसी व्होल्टवर, प्रोब बॅटरीवर. अल्टरनेटर मुळात एसीच बनवतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात. डायोड ठीक असतील तर इथे ०.१ च्या आत काहीतरी दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर एखादा डायोड गेलाय. असा अल्टरनेटर डीसीवर चौदा दाखवून फसवू शकतो आणि वर गाडी उभी असताना उलट्या वाटेने बॅटरी पीतही राहतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

चालू गाडीचा क्लॅम्प उपटून ‘बघा, बंद पडली, म्हणजे अल्टरनेटर गेला’ ही जुनी परीक्षा कुणालाही करू देऊ नका. डायनॅमोच्या जमान्यात ती खपून जायची. आज बॅटरीचं ओझं एकदम सुटलं की व्होल्टेजचा लोंढा उसळतो आणि इंजिनाचा संगणक (ईसीयू) जाऊ शकतो. बॅटरीचं दुखणं घेऊन आलेला माणूस ईसीयूचं दुखणं घेऊन परत जातो.

आता जिथे मी स्वतः ठेच खाल्ली ते सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. गाडी सकाळी आळसावल्यासारखी फिरायची. मी एक बॅटरी विकली. वर्षाच्या आत पुन्हा तेच, म्हणून दुसरी विकली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मला लाज वाटली आणि मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगितला. मीटरने २.८ व्होल्ट दाखवले. दोन्ही ठिकाणं एकाच जाड केबलने जोडलेली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. केबल बाहेरून नव्यासारखी होती. टोकाच्या धातूच्या लगजवळची रबरी नळी ब्लेडने उभी चिरली तर आतून हिरवी भुकटी सांडली. तांब्याच्या तारांचं त्या जागी पीठ झालेलं, चमकणाऱ्या तारा जेमतेम बोटावर मोजण्याइतक्या. त्या अर्थिंगच्या केबलमुळे बॅटरीतली ताकद इंजिनापर्यंत पोचतच नव्हती. केबल बदलली, दुसऱ्या बॅटरीचे पैसे परत दिले, आणि तेव्हापासून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलीने वाटेत खाल्लेलं व्होल्टेज, मोजल्याशिवाय मी कुणाला बॅटरी विकत नाही.

हीच केबल ओहमवर ठेवून मोजली असती तर ‘शून्य पॉइंट शून्य’ आलं असतं. सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असताना दोन शतांश ओहमसुद्धा चार व्होल्ट खातात, आणि साध्या मीटरला दोन शतांश ओहम भरवशाने दिसतच नाहीत. म्हणून दोष शोधायचा तो करंट वाहत असतानाच. सेल्फ मारताना खुंट आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यात शून्याजवळ हवं, बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ०.२-०.३ च्या आत, बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचा मोठा बोल्ट अर्ध्या व्होल्टच्या आत. चार्जिंगच्या बाजूचंही तसंच. इंजिन चालू, दिवे चालू, आणि अल्टरनेटरचा मागचा जाड बोल्ट ते बॅटरी पॉझिटिव्ह ०.२ च्या आसपास. तिथे एक व्होल्ट दिसला तर अल्टरनेटर बिचारा साडेचौदा बनवतोय आणि बॅटरीला साडेतेरा मिळतायत. चालत्या बेल्टजवळ प्रोबच्या वायरी आणि बाह्या सांभाळा.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकून घासा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर, आधी नाही. निम्म्या गाड्यांचं काम मी इथेच संपवतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

तुमच्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय वेगळाच आहे. ‘दोन-तीन दिवस उभी राहिली की’ हे शब्द लक्षात घ्या. गाडी बंद असताना कुणीतरी करंट पितंय. घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती यांना मिळून २० ते ५० मिलीअँपिअर लागणं हे रीतसर आहे. हिशेब करा: ३० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवरसुद्धा नाही, ४५ ची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागतो. पण तेच ३५० मिलीअँपिअर असले तर दिवसाला ८.४, आणि तीन दिवसांत २५ अँपिअर-अवर गेले. भरलेल्या नव्या बॅटरीतूनही निम्म्याहून जास्त. आणि अशी वारंवार रिकामी होणारी बॅटरी आठ महिन्यांत म्हातारी होते, हेही त्यातच आलं.

मोजायची पद्धत अशी. चावी घरात ठेवा, खिशात नको. बटणाने सुरू होणारी गाडी चावी जवळ असली की जागी राहते. बॉनेट उघडा आणि त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला वाटतं सगळं मिटलंय. दरवाजा उघडा ठेवून फ्यूज बॉक्सपर्यंत पोचायचं असेल तर त्याच्या लॉकलाही तसंच फसवा. मीटर दहा अँपिअरवर. निगेटिव्ह क्लॅम्प थोडा सैल करा, एक प्रोब खुंटावर आणि दुसरा क्लॅम्पवर घट्ट बसवा, आणि मगच क्लॅम्प अलगद वर उचला. करंट तुटत नाही, त्यामुळे गाडी दचकून जागी होत नाही. आणि मग थांबा. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील. घाबरू नका, आणि मीटर लावलेला असताना सेल्फ तर मारूच नका. वेगवेगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपी जायला वीस मिनिटांपासून तासभर लागतो. चहा घेऊन या. परत आल्यावर ५० मिलीअँपिअरच्या खाली असेल तर गळती नाही. शेकड्यात असेल तर चोर घरातच आहे.

पूर्वी आम्ही एकेक फ्यूज काढून बघायचो. आता फ्यूज काढला-घातला की मॉड्यूल जागे होतात आणि सगळा खेळ पहिल्यापासून. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टवर घ्या आणि फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर प्रोब टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य. वाहत असेल तर काही दशांश मिलीव्होल्ट दिसतात. सगळे फ्यूज पाच मिनिटांत तपासून होतात आणि गाडी झोपलेलीच राहते. हे मला बरंच उशिरा कळलं, आणि कळल्यावर वाया गेलेल्या दुपारी आठवल्या.

चोर बहुतेक वेळा बाहेरून आणलेला असतो: कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडलेला डॅशकॅम, निदानाच्या सॉकेटमध्ये विसरलेलं ब्लूटूथचं खेळणं, चुकीच्या वायरला जोडलेला म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर. कंपनीच्या मालात डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा न विझणारा दिवा हा नेहमीचा. मोबाइल आत चित्रण चालू करून ठेवा आणि झाकण लावा. दिवा विझतो की नाही ते दिसतं. सगळे फ्यूज निर्दोष निघाले आणि गळती तरीही असली, तर पुन्हा अल्टरनेटरच्या डायोडकडे या. बॅटरीचा निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिचं टोक कापडात गुंडाळा, मग परत मोजा.

‘जंप दिल्यावर अर्धा तास फिरवून आणा, चार्ज होते’ हेही तुम्हाला सांगितलं गेलं असेल. सेल्फ मारायला लागतं ते अगदी थोडं; १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे एका अँपिअर-अवरचा जेमतेम बारावा भाग. ते पाच-दहा मिनिटांत भरून निघतं. पण बसलेली बॅटरी भरायला तासन्‌तास लागतात आणि शेवटचा पाचवा हिस्सा सगळ्यात रेंगाळतो. अर्ध्या तासात ती जेमतेम पुढचा सेल्फ मारण्याइतकी होते आणि तुम्हाला वाटतं काम झालं. आठ महिने ती कदाचित अशीच अर्धपोटी फिरतेय.

म्हणून असं करा. आज रात्रभर चार्जर लावा. उद्या सकाळी काढून दोन-तीन तासांनी निवांत माप, मग सेल्फ मारतानाचं, मग चालू इंजिनाचं, आणि सेल्फच्या वेळी बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन. चारही आकडे कागदावर लिहा. मग गाडी दोन दिवस हलवू नका आणि पुन्हा निवांत माप घ्या. १२.६ चे १२.५ झाले तर गळती नाही, बॅटरी आणि केबलींकडे बघू. १२.१ झाले तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवून हाच दोन दिवसांचा प्रयोग पुन्हा करा. आधी बॅटरी पुन्हा चार्ज करायची, आणि क्लॅम्प काढण्यापूर्वी म्युझिक सिस्टिमचा कोड जवळ आहे ना ते बघायचं. क्लॅम्प काढलेली बॅटरीही खाली आली तर दोष तिच्या पोटातच आहे, हमीचा कागद शोधा. क्लॅम्प काढल्यावर ती १२.६ वर ठाम राहिली तर बॅटरी आणि अल्टरनेटर उतरवायला कुणालाही सांगू नका, फ्यूज बॉक्सपाशी बसा. आणि मोजायला सुरुवात करण्याआधी मागच्या आठ-दहा महिन्यांत गाडीत काय नवीन बसवलं ते एकदा आठवा.